दोन बोटांनी लागणारं दार

नऊला दोन मिनिटं कमी असताना लुमीर व्होंद्रा रोज वाचनालयाच्या पायरीवर येऊन उभे राहत. मार्लाने आतून कडी काढली की दोन्ही बूट पायपुसण्यावर दोन-दोनदा घासत, खिडकीजवळच्या कॉम्प्युटरपुढे बसत, डोक्यावरची टोपी काढून डाव्या गुडघ्यावर चढवत आणि म्हणत, "बघू या, कालपासून कोण शहाणं झालं."

शहाणं होणं म्हणजे जुन्या गाडीचा भाव खाली आणणं. बंद पडलेल्या, गोठ्यात नाहीतर झाडाखाली वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या, दुरुस्तीला आलेल्या गाड्यांच्या जाहिराती ते इंटरनेटवर तासभर बघत. घरी इंटरनेट नव्हतं, आणि घ्यायची इच्छाही नव्हती. दहाच्या ठोक्याला टोपी परत डोक्यावर जाई. "आज सगळे वेडेच," असं काहीतरी बोलून ते निघून जात.

मार्ला तेव्हा एकतीस वर्षांची होती. ओमाहातली नोकरी सुटल्यावर ती लिपाला, नेब्रास्कातल्या आपल्या चारशे वस्तीच्या जुन्या चेक गावात परत आली होती आणि वाचनालय सांभाळत होती. पहिले काही महिने तिला वाटलं, म्हातारा वेळ काढतोय. गावातले बाकीचे म्हातारे वेळ काढायला पत्ते खेळत, हे गाड्या बघत, एवढंच.

मग एके दिवशी त्यांनी तिला हाक मारली. "पोरी, हा फोटो जरा वाचून दाखवतेस?"

"फोटो वाचून?"

"अक्षरं मोठी करता येतात. फोटो मोठा केला की नुसता चिखल होतो."

त्यांच्या डोळ्यांच्या ऐन मध्यावर डाग पडला होता. समोरचं माणूस पुसट, त्याच्या मागचं कुंपण स्पष्ट, असली तऱ्हा. म्हणून ते कोंबडीसारखी मान वळवून कडेने बघत. गावाला वाटे, व्होंद्राला हल्ली कमी ऐकू येतं.

मार्ला खुर्ची ओढून बसली. "हिरवी गाडी आहे. जुनी."

"जुनी नसती तर मी कशाला बघितली असती? गवत कुठवर आहे?"

"गवत?"

"चाकाभोवतीचं."

"चाकाच्या मध्यापर्यंत. पण गाडीच्या पुढे जमीन मोकळी आहे, माती उकरल्यासारखी."

"म्हणजे गेल्या महिन्यात ओढून इथे आणली, फोटोसाठी. आधी कुठे होती ते सांगायचं नाही त्याला. किती फोटो आहेत?"

"बारा."

"उजव्या मागच्या मडगार्डचा आहे?"

मार्लाने बाराही फोटो पुन्हा पाहिले. पुढून, डावीकडून, आतून, इंजिन, पुन्हा पुढून. उजव्या मागच्या कोपऱ्याचा एकही नव्हता.

"नाही."

"मग तिथेच सगळं आहे," लुमीर म्हणाले. "पुढचं."

त्या दिवसापासून ती त्यांचे डोळे झाली. पण खरं बघणारे तेच होते, हे तिला हळूहळू कळत गेलं. ती नुसती सांगायची, सावली डावीकडे पडली आहे, मागे बर्फ आहे. ते म्हणायचे, "जुलै महिन्यात बर्फ? म्हणजे हिवाळ्यापासून विकतोय आणि कुणी घेत नाही. का घेत नाही, ते शोध." ती वाचायची, 'ठेवली तेव्हा चालू होती.' ते म्हणायचे, "मला कोठारावरून निवृत्त केलं तेव्हा मीही चालू होतो." पूर्वेकडच्या गाड्यांकडे ते ढुंकून बघत नसत, तिकडे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात आणि मीठ पत्रा आतून खातं. आणि एक नियम असा होता की त्याला अपवादच नव्हता. फोटोत गाडी ओली असली की बघायचंसुद्धा नाही.

"पाणी मारलं की उडालेला रंगही चमकतो. पोचे बुजवायला भरलेली लांबी, ती पुट्टी, दिसत नाही. ओली गाडी म्हणजे पावडर लावलेला घोडा. पुढचं."

लुमीर लिपाच्या धान्यकोठारावर भुईकाट्यावर होते. एकेचाळीस वर्षं. मक्याचा, ज्वारीचा भरलेला ट्रक काट्यावर चढायचा, ते वजन लिहायचे, रिकामा ट्रक परतायचा, ते पुन्हा वजन लिहायचे. दोन आकड्यांमधल्या फरकावर एका घराचं वर्ष अवलंबून असायचं. एकेचाळीस वर्षांत त्या फरकावरून कुणी भांडल्याचं गावाला आठवत नव्हतं. पण म्हणून गावाने त्यांच्याबद्दल फारसं काही म्हटलंही नव्हतं. बरोबर वजनाबद्दल बोलण्यासारखं असतं काय?

त्यांना एकच गाडी हवी होती. १९५१ सालची शेवरलेट, चार दारांची. दोन दारांची नको, छत उघडणारी नको. मार्लाने कारण तीनदा विचारलं तेव्हा तिसऱ्यांदा त्यांनी सांगितलं.

"आमची नव्हती. शेजारच्या बार्तोशची होती. दर रविवारी आम्हा सहा भावंडांना चर्चला न्यायचा. मी शेंडेफळ, त्यामुळे सगळ्यांत शेवटी आत. म्हणजे दार लावायचं काम माझं. पहिल्या दिवशी मी आपटलं. बार्तोश मागे वळूनसुद्धा न बघता म्हणाला, लुमीर, दोन बोटांनी." त्यांनी तर्जनी आणि मधलं बोट टेबलाच्या कडेवर टेकवलं, जरासं ढकललं. "चांगल्या गाडीचं दार दोन बोटांनी लागतं. सांगाडा वाकला, खालून गंजला, की मग आपटावं लागतं."

"आणि एवढ्यासाठी तुम्ही दोन वर्षं रोज इथे येताय?"

"तुला दुसरं काही काम आहे का या वेळेला?"

नव्हतं.

तो सप्टेंबर होता. पुढच्या वर्षीच्या नोव्हेंबरात लुमीर पंच्याहत्तर पूर्ण करणार होते आणि त्याच दिवशी त्यांचं लायसन्स संपत होतं. नवं करताना डोळे तपासतात. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, तोवर दिवसा, ओळखीच्या रस्त्यावर, हळू चालवा, त्यानंतर नाही. म्हणजे गाडी शोधायची, हातांनी दुरुस्त करायची आणि चालवायची, या सगळ्याला मिळून चौदा महिने. बँकेत साडेचार हजार डॉलर होते. चालू स्थितीतली गाडी त्यात येत नव्हती आणि त्यांना नकोही होती. "दुसऱ्याने दुरुस्त केलेली गाडी म्हणजे दुसऱ्याने चावून दिलेला घास," असं त्यांचं म्हणणं.

त्या सप्टेंबरात एक राखाडी-हिरवी शेवरलेट जाहिरातींत होती. १९५१, चार दारं. सात हजारांवरून साडेपाचवर आली, मग बत्तीसशेवर. अकरा आठवडे ती तिथेच होती आणि अकरा आठवडे लुमीर तिच्यावरून पुढे जात होते, कारण प्रत्येक फोटोत ती ओली होती. थेंबन् थेंब दिसत होता.

"पुढचं," ते त्या सकाळीही म्हणाले.

मार्लाचा हात थांबला. "थांबा ना. यात एक गंमत आहे. मागे खिडकी आहे, तिला पडदा आहे. इस्त्री केलेला."

"गॅरेजच्या खिडकीला?"

"हो. आणि फळीवर लोणच्याच्या बरण्या आहेत. सगळ्यांच्या चिठ्ठ्या एका रांगेत, बाहेर तोंड करून. आणि हा बघा, गाडीच्या आतला फोटो. तळाच्या पत्र्याला भोक पडलंय आणि त्याच्या शेजारी एक नाणं ठेवलंय."

"नाणं?"

"भोक केवढं आहे ते कळावं म्हणून असेल."

गुडघ्यावरची टोपी लुमीरनी उचलली, पुन्हा ठेवली.

"जमीन ओली आहे का?"

"आहे."

"कुठपर्यंत?"

मार्लाने फोटो मोठा केला. "पार दारापर्यंत. दाराबाहेर सिमेंटची पायरी आहे, तीसुद्धा ओली. कोपऱ्यात खराटा उभा आहे."

मग लुमीर हळूच म्हणाले, "गाडी विकणारा गाडीवर पाणी मारतो, पोरी. पायरी कोण धुतं?"

मार्लाने पुन्हा त्या ओल्या पायरीकडे बघितलं.

"बाई आहे," ते म्हणाले. "आपल्या चेक लोकांतलीच असणार. लोक बघायला येणार म्हणून तिने झाडून पुसून घेतलंय. अकरा आठवडे मी एका बाईच्या स्वच्छतेला लबाडी म्हणत होतो."

मार्ला पुढे कितीतरी दिवस त्या वाक्यापाशी परत येत राहिली. फोटो तिने पाहिला होता, पडदा, बरण्या, नाणं, सगळं तिनेच सांगितलं होतं. आणि तरी त्या फोटोतलं माणूस तिला दिसलं नव्हतं. ते ज्याला धड दिसत नव्हतं त्याला दिसलं.

शनिवारी ते दोघं मार्लाच्या गाडीतून निघाले. दोन तासांची वाट, पश्चिमेला, कोरड्या टेकड्यांच्या बाजूला. अल्बिना झिकमुंड नावाची, ऐंशीच्या पुढची, पाठीत जराशी वाकलेली बाई दारात उभी होती. कपाळावर केस ओले होते. आजही पायरी धुतलेली होती.

"आधी कॉफी घ्या," ती म्हणाली. "कोलाचे आत्ताच भट्टीतून काढलेत. खसखशीचं सारण आहे."

"आधी गाडी, बाई," लुमीर म्हणाले. "तुमचा कोलाचे एकदा तोंडात गेला की मला भाव करता येणार नाही."

"मग तर आधीच खा."

"लिपाच्या बायकाही असंच म्हणतात. म्हणून मी आयुष्यात काही स्वस्तात घेतलं नाही."

खाल्ल्याशिवाय सुटका नव्हती, हे दोघांनाही ठाऊक होतं. भुईकाट्यावरच्या गोष्टी सांगत लुमीरनी दोन खाल्ले, मार्लाने एक. मग तिघं गॅरेजमध्ये गेली.

गाडी अल्बिनाच्या सासऱ्यांची. ते १९७४ साली गेले तेव्हापासून ती इथेच उभी होती. नवरा म्हणत राहिला, पुढच्या हिवाळ्यात हात घालू. चार वर्षांपूर्वी तोही गेला.

लुमीर लगेच गाडीजवळ गेले नाहीत. दारात उभे राहून त्यांनी मान या बाजूला, मग त्या बाजूला वळवली. मग डोळे मिटले. हे मार्लाला अपेक्षित नव्हतं. मिटल्या डोळ्यांनी ते पुढे झाले आणि पुढच्या मडगार्डवर हात ठेवला, जसा बुजऱ्या जनावराच्या मानेवर ठेवतात. खिशातून रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक निघालं. दाराखालच्या पट्टीवरून ते पुढून मागे सरकवत गेले. चुंबक कुठे सुटतं, म्हणजे कुठे पत्र्याऐवजी लांबी भरली आहे, ते बोटांना कळत होतं. एकदाही सुटलं नाही. मग चाकांच्या वरच्या पोकळीत हात घातला, कोपरापर्यंत. बोटांची पेरं एकमेकांवर घासून हुंगली. कलिंगड वाजवावं तसा तळाचा पत्रा वाजवला. नाण्याएवढ्या त्या भोकाभोवती आवाज बसका होता, बाकी सगळीकडे खणखणीत. तेलाची सळई काढून जिभेला लावतात की काय असं मार्लाला वाटलं, पण त्यांनी नुसता वास घेतला. प्लग काढले, इंजिन जाम झालंय का ते बघायला पंख्याचा पट्टा मुठीत दाबून धरला आणि पंखा फिरवायला जोर लावला. काहीच हललं नाही. पुन्हा. मग आत कुठेतरी, चव्वेचाळीस वर्षांच्या झोपेतून कुणी कूस बदलावी तसा, एक जड, तेलकट श्वास ऐकू आला. पंखा अर्धं बोट सरकला होता.

अल्बिनाने मार्लाचा दंड धरला. तिचा हात गार होता.

दारं त्यांनी शेवटी ठेवली होती. ड्रायव्हरचं दार उघडलं, दोन बोटं टेकवली, ढकललं. टक्. दुसरं. टक्. पलीकडे जाऊन तिसरं, उजवीकडचं मागचं. ते लागता लागता अडलं. हलकासा धक्का द्यावा लागला.

"या दाराशी कुणीतरी वजनदार बसायचं," लुमीर म्हणाले. "उतरताना दारावर भार टाकून."

अल्बिना क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिली आणि मग तोंडावर हात धरून हसायला लागली. "माझी सासू. देवा, माझी सासूच."

चौथं दारही दोन बोटांनी लागलं. त्या आवाजानंतर लुमीर पाठमोरे तसेच उभे राहिले. त्यांचा चेहरा मार्लाला दिसला नाही. मान मात्र, कित्येक महिन्यांत पहिल्यांदा, सरळ होती.

"बत्तीसशे लिहिलेत," अल्बिना म्हणाली. "जास्त असतील तर सांगा. कुणी येतच नाही हो बघायला."

"तुमचा भाव चुकलाय, बाई."

"अजून कमी?"

हातातला घास होता. बँकेत साडेचार हजार होते. पुढचा नोव्हेंबर होता.

"जास्त," लुमीर म्हणाले. "या गाडीला सहा हजार ही रास्त किंमत आहे. एक पैसा वर नाही, एक खाली नाही. लोक येत नाहीत ते गाडीमुळे नाही. तुम्ही ती धुतलीत म्हणून."

"मग काय धूळ घेऊन फोटो काढू? लोक काय म्हणतील, झिकमुंडांची सून..."

"या धंद्यात धूळ हाच दाखला असतो. धुळीवर बोटांचे ठसे नाहीत म्हणजे कुणी हात लावलेला नाही. ओली गाडी बघून लोक समजतात, झाकायला काहीतरी आहे. मीही तेच समजलो."

"पण धूळ तर मी सगळी काढली." अल्बिना म्हणाली.

"येईल की परत. नेब्रास्कात राहता ना? दोन आठवडे गॅरेजचं दार उघडं ठेवा आणि फडकं कुणाकडे तरी ठेवायला द्या."

आणि मग, तिथेच, बरण्यांच्या फळीखाली उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसून त्यांनी मार्लाला नवी जाहिरात सांगितली. भोक कुठे आहे, केवढं आहे. तिसरं दार अडतं, का अडतं. इंजिन हाताने फिरतं. लांबी कुठेही भरलेली नाही. १९७४ पासून छपराखाली, कोरड्या मुलखात. किंमत सहा हजार. मार्लाने ती लिहून घेतली. असं सोपं, नेमकं वर्णन तिने पुस्तकांतही क्वचितच वाचलं होतं. आणि ते एक माणूस स्वतःच्या हातून सुटत चाललेल्या वस्तूचं करत होता.

परतीच्या वाटेवर मार्लाने गाडी मोठ्या रस्त्याला लावली. मग म्हणाली, "तुमच्या हातात होती ती."

"होती."

"बाईने स्वतः किंमत लिहिली होती. तुम्ही फसवत नव्हतात. नुसतं हो म्हणायचं होतं."

"ट्रक काट्यावर असताना आपला पाय काट्यावर टेकवायचा नाही," लुमीर खिडकीबाहेर बघत म्हणाले. "कुणाला दिसत नाही. दहा-बारा पौंडांचा फरक पडतो फक्त. पण मग उद्या आपणच आपलं वजन वाचू शकत नाही."

"आणि नोव्हेंबर?"

"येईल. त्याला कोण अडवतंय?"

दोन आठवडे ते नेहमीप्रमाणे नऊला येत राहिले. अल्बिनाने जाहिरातीतले फोटो बदलले तेव्हा मार्लाने ते वाचून दाखवले. "धूळ आहे. छपरावर मांजर चालल्याचे ठसे आहेत." ते समाधानाने हुंकारले. त्यानंतर पाचव्या दिवशी वाचनालयाचा फोन वाजला.

"त्या काटेवाल्यांना सांग," अल्बिना म्हणाली, "एकोणीस फोन आले. एकोणीस. सगळे विचारतात, शेवटचा भाव काय. एक म्हणाला, तो नवं इंजिन टाकणार. एक घेऊन पुढे विकणार. तिसऱ्या दाराबद्दल कुणीही विचारलं नाही. आणि मला या धुळीत आता राहवत नाही. त्यांना सांग, गाडी न्यायची तर त्यांनीच न्यावी."

मार्लाने फोन त्यांच्याकडे दिला. त्यांनी तो आधी उलटा कानाला लावला, मग सुलटा.

"सहा हजार," ते म्हणाले. थोडं थांबून, "नाही, बाई. चार नाही. सहा. भाव मी सांगितलाय, तो मलाच लागू नको होय? मला आठवडा द्या."

फोन ठेवून ते कॉम्प्युटरकडे वळले. "पोरी, एक जाहिरात टाकायची आहे. माझा पिकअप."

"मग तुम्ही फिरणार कशाने?"

"नोव्हेंबरनंतर कशाने फिरणार होतो? एक वर्ष आधी सवय करतो."

पिकअपचे फोटो मार्लाने काढले. कोरड्या दिवशी, धुळीसकट. डाव्या दारावरच्या गंजाशेजारी लुमीरनी खिशातलं नाणं स्वतः धरून ठेवलं, त्यामुळे त्या फोटोत त्यांचा अंगठाही आहे. दुसऱ्याच दिवशी शेजारच्या गावचा एकजण तो जाहिरातीतल्या किमतीला घेऊन गेला. जाताना म्हणाला, यात घासाघीस करायला जागाच ठेवलेली नाही.

सहा हजार मोजून शेवरलेट लुमीरच्या शेडमध्ये आली. त्या हिवाळ्यात ते आठ गल्ल्या चालत वाचनालयात येत. जाहिराती आता बघायच्या नव्हत्या, तरी नऊला दोन मिनिटं कमी असताना ते पायरीवर असत. मार्ला जुनं दुरुस्तीचं पुस्तक मोठ्याने वाची आणि ते टोपी गुडघ्यावर ठेवून ऐकत, चर्चमध्ये ऐकावं तसं. दुपारी त्यांच्या शेडमध्ये गेलं की सकाळी वाचलेलं सगळं त्यांच्या बोटांत उतरलेलं असे. कार्ब्युरेटरचे सुटे भाग ते एका फडक्यावर ओळीने मांडत आणि न बघता उचलत. एकदा मार्लाने गंमत म्हणून दोन स्क्रूंची अदलाबदल केली. त्यांनी तिसरा उचलता उचलता नुसतं म्हटलं, "परत ठेव."

तळाचं भोक त्यांनी पत्र्याचा तुकडा कापून बंद केलं. तिसऱ्या दाराची बिजागरी मात्र तशीच ठेवली. "ती सासू आहे," म्हणाले. "ती अडणारच."

मार्चच्या शेवटी इंजिन सुरू झालं. शेडच्या वळचणीच्या चिमण्या उडाल्या आणि परत आल्या. लुमीर स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून ऐकत बसले होते.

एप्रिलमध्ये ते आणि मार्ला अल्बिनाला फिरवायला घेऊन गेले. आतल्या रस्त्यांनी, हळू, वाटेत दोनदा थांबून. अल्बिना मागे उजवीकडे बसली, अडणाऱ्या दाराशी. मैलभर गेल्यावर म्हणाली, "बावीस वर्षांची असल्यापासून मी या गाडीत मधेच बसले. एका बाजूला सासू, दुसऱ्या बाजूला नणंद. या बाजूला ओढा आहे हे मला आज कळतंय."

लुमीरनी वेग आणखी कमी केला.

त्यांनी ती गाडी मोजून अकरा रविवार चालवली. सकाळी, उजेडात, शेतांमधल्या सरळ रस्त्यांनी. डॉक्टरांनी नोव्हेंबरपर्यंत मुभा दिली होती. जुलैच्या एका रविवारी चौरस्त्यावरच्या 'थांबा' पाटीपाशी त्यांनी गाडी थांबवली. रस्ता चारी बाजूंनी रिकामा होता. ते तसेच थांबले. मग इंजिन चालू ठेवून खाली उतरले, बॉनेटला हात लावत पुढून वळसा घेतला आणि मार्लाच्या बाजूचं दार उघडलं.

"सरक तिकडे," म्हणाले. "आता तू."

पाटी त्यांना दिसली होती की नव्हती, हे तिने विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. गिअर कसा टाकायचा ते मात्र घरी पोचेपर्यंत सांगत राहिले. "हळू. तो काही पळून जात नाही." वाढदिवसाची वाट न बघता दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी लायसन्स वाचनालयाच्या टेबलावर ठेवलं आणि ते परत करायचा कागद कसा भरायचा ते वाचून दाखव म्हणाले. कागद भरून झाल्यावर टोपी गुडघ्यावर चढवली. "बघू या, कालपासून कोण शहाणं झालं."

त्यानंतर रविवारी मार्ला चालवी आणि ते शेजारी बसत. खिडकी खाली करून, डोळे मिटून. कुठलं चाक जास्त बोलतंय, ते त्यांना ऐकू येई. कुणाची ज्वारी कापणीला आली, ते वासावरून कळे. मार्लाला कधी कधी वाटे, आपण स्टिअरिंगमागे बसून रस्ता बघतोय, आणि हे शेजारी बसून सगळा मुलूख बघताहेत.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी नऊ वाजता पायरीवर कुणी नव्हतं. मार्ला कडी काढून बराच वेळ दारात उभी राहिली. मग दार उघडंच टाकून आठ गल्ल्या चालत गेली.

त्याच्या आधीच्या, लुमीरच्या शेवटच्या रविवारी रस्ते कोरडे होते, म्हणून तिने गाडी बाहेर काढली होती. चर्चनंतर त्यांना त्यांच्या फाटकापाशी सोडलं. ते उतरले, कडेच्या बर्फात पाय रोवला. थंडी आत शिरत होती, म्हणून दार ओढून घ्यायला ती सीटवरून वाकली.

"राहू दे," ते म्हणाले. "दार मी लावतो. तू आपटतेस."